पदविकेचा विद्यार्थी आणि विद्यापीठाची नोंदवही : वेसाव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

विद्यापीठाचे नोंदणीविषयक नियम हा विषय सामान्यतः कार्यालयीन मानला जातो. शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी छापल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेत ते असतात, विद्यार्थी त्याखाली स्वाक्षरी करतो आणि नंतर कोणीच ते वाचत नाही. परंतु विद्यार्थी कोणास म्हणावे, तो केव्हापासून केव्हापर्यंत विद्यार्थी असतो आणि त्याच्याकडून कोणत्या जबाबदाऱ्यांची अपेक्षा आहे, या प्रश्नांची उत्तरे शिक्षणविषयक तत्त्वचिंतनात जितकी सापडतात त्याहून अधिक स्पष्टपणे या नियमांत सापडतात. पदवीच्या विद्यार्थ्यापुरते हे चित्र बरेचसे सरळ आहे. पदविकेच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. तो विद्यापीठाच्या उंबरठ्यावर उभा असतो. कधी आत घेतला जातो, कधी बाहेर ठेवला जातो. हा उंबरठा मुंबईत कसा घडला आणि वेसावे (वर्सोवा) येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या वाटचालीत तो कसा सरकत गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईतील पूर्वपीठिका :

मुंबईत पदविका ही पदवीपेक्षा वयाने मोठी आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झाले आणि 1851 साली तेथून पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांना मिळालेले प्रशस्तिपत्र महाविद्यालयाचे होते, कारण मुंबईत विद्यापीठच नव्हते. विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि हे महाविद्यालय 1860 मध्ये त्याला संलग्न झाले. म्हणजे या शहरातील पहिल्या नामवंत डॉक्टरांपैकी काहींची विद्वत्ता विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव नसतानाच सिद्ध झालेली होती.

नवे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारले गेले. ते शिकवीत नसे, परीक्षा घेत असे. त्यामुळे त्याच्या नोंदवहीत प्रवेश मिळवण्याचा दरवाजा म्हणजे प्रवेशपरीक्षा, अर्थात मॅट्रिक. 1859 साली झालेल्या पहिल्या परीक्षेस 132 उमेदवार बसले आणि 22 उत्तीर्ण झाले. पुढे जवळजवळ शतकभर ‘मॅट्रिक झाला’ या दोन शब्दांना मराठी समाजात जी प्रतिष्ठा होती, तिचे मूळ या दरवाजाच्या अरुंदपणात आहे. मॅट्रिक ही शाळेची अंतिम परीक्षा आहे हा समज नंतरचा. मुळात ती विद्यापीठाची नोंदणी होती.

दरवाजा ओलांडल्यावर विद्यार्थ्यावर जी जबाबदारी येई तिचे नाव ‘टर्म भरणे’. संलग्न महाविद्यालयात ठरावीक काळ हजर राहिल्याचे प्राचार्यांचे प्रमाणपत्र मिळाल्याविना परीक्षेस बसता येत नसे. आणि या प्रमाणपत्रात केवळ उपस्थितीचा नव्हे, तर प्रगतीचा व वर्तणुकीचाही समावेश असे. ही कल्पना इंग्लंडातील जुन्या विद्यापीठांतून व कायद्याच्या शिक्षणसंस्थांतून आलेली. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला विद्यार्थी प्रत्यक्ष दिसत नव्हता; तो दिसावा म्हणून टर्मची ही युक्ती होती. आपल्या महाविद्यालयांत आजही बोलला जाणारा ‘एटीकेटी’ हा शब्द तिचाच अवशेष आहे. ‘टर्म भरण्याची मुभा’ असा त्याचा अर्थ. पण बहुतेक विद्यार्थी त्याचा अर्थ ‘राहिलेला विषय’ असाच करतात, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी अनेक अध्यापकही तसाच करतात. मुंबई विद्यापीठाचा 75 टक्के उपस्थितीचा नियम व त्यातून दरवर्षी सूचनाफलकावर लागणारी ‘डिफॉल्टर’ यादी हीदेखील याच परंपरेतील.

या व्यवस्थेत पदविकेचे स्थान कोणते? विद्यापीठाने प्रारंभी वैद्यक व अभियांत्रिकी या विषयांत ‘लायसेन्शिएट’ ही पातळी स्वतःच राखली होती. मात्र 1887 साली भायखळ्यास सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने यंत्र, विद्युत व वस्त्रोद्योग या विषयांत आपल्या स्वतंत्र पदविका दिल्या. गिरण्यांना माणसे हवी होती आणि विद्यापीठाला त्या प्रकारच्या ज्ञानाची फारशी आस्था नव्हती. ही संस्था 1923 साली माटुंग्यास गेली, तेथील पदवी अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला तो 1946 च्या सुमारास. मधल्या काळात गिरण्यांचे विभाग सांभाळणारा हा पदविकाधारक वर्ग विद्यापीठाच्या नोंदवहीबाहेर राहिला. 1904 च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने ‘नोंदणीकृत पदवीधर’ असा मतदारवर्ग निर्माण केला, तेव्हा या बाहेर राहण्याला राजकीय अर्थही प्राप्त झाला. विद्यापीठाच्या कारभारात मत देण्याचा अधिकार पदवीधरास मिळाला. पदविकाधारकाचा त्यात विचारच नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा आहेत. ही संज्ञा 1904 पासून टिकून आहे.

वेसावे : प्रशिक्षणार्थी ते विद्यार्थी

वेसावे हे कोळ्यांचे जुने गाव. खाडीच्या मुखाशी वसलेले, सुकवलेल्या बोंबलांसाठी आणि मासेमारी नौकांच्या ताफ्यासाठी ख्यात. 1950 च्या दशकात मासेमारीचे यांत्रिकीकरण, शीतगृहे आणि पंचवार्षिक योजनांतील मत्स्यविकास यांचा विस्तार होऊ लागला, तेव्हा राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांना प्रशिक्षित अधिकारी अपुरे पडू लागले. प्राणिशास्त्राचा पदवीधर माशाचे शरीर जाणतो, परंतु जाळे, नौका, सहकारी संस्था आणि बाजार जाणत नाही, अशी ती अडचण होती. या पार्श्वभूमीवर 6 जून 1961 रोजी केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था मुंबईत स्थापन झाली. वेसाव्याच्या परिसरात, प्रथम जयप्रकाश मार्गावर व पुढे यारी रोडलगतही, तिचा विस्तार झाला. तिचा प्रमुख अभ्यासक्रम होता मत्स्यशास्त्रातील दोन वर्षांची पदविका, आणि तो मुख्यतः राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांत आधीच सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी होता.

नोंदणीच्या दृष्टीने ही स्थिती विलक्षण म्हणावी लागेल. येथे येणारा मनुष्य मॅट्रिकच्या दरवाजाने येत नव्हता. तो आपल्या खात्याच्या प्रतिनियुक्तीच्या आदेशाने येत होता. त्याचे खरे नाव-गाव खात्याच्या सेवापुस्तकात होते. संस्थेतील वर्गाला तो गैरहजर राहिला तर प्रश्न टर्मचा नव्हता, तर रजेचा होता. वर्तणुकीबाबतही महाविद्यालयीन शिस्तीच्या आधी शासकीय सेवेचे वर्तणूक नियम त्याला लागू होते. विद्यार्थ्याची जबाबदारी आणि नोकराची जबाबदारी येथे एकाच देहात वसत होती. त्यामुळे त्याला ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणणे अधिक यथार्थ होते. दोन वर्षांनी तो परत जाई आणि त्याच्या पदविकेचे मोल ठरे ते विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात नव्हे, तर खात्याच्या सेवाप्रवेश नियमांत व पदोन्नतीच्या यादीत.

या स्थितीत तीन टप्प्यांनी बदल झाला. 1979 साली संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. 1984 मध्ये मत्स्य व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आणि 29 मार्च 1989 रोजी तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. यांपैकी तिसऱ्या घटनेचा उल्लेख नेहमी होतो. परंतु नोंदणीच्या इतिहासात पहिली घटना अधिक परिणामकारक आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण कृषी परिषदेच्या जगात प्रवेश करणे म्हणजे टर्मच्या जगाशेजारी असलेल्या एका निराळ्याच जगात प्रवेश करणे होते. अमेरिकेच्या भूमि-अनुदान विद्यापीठांच्या नमुन्यावर 1960 साली पंतनगर येथे आणि महाराष्ट्रात 1968 साली राहुरी येथे कृषी विद्यापीठे उभी राहिली, त्यांनी सत्र व श्रेयांक पद्धती आणली. या पद्धतीत विद्यार्थी वर्षासाठी नव्हे, तर प्रत्येक सत्रात विषयवार नोंदणी करतो. ठरलेल्या दिवशी त्याने स्वतः हजर राहावे लागते, आधीची देणी फेडलेली असावी लागतात, सल्लागार अध्यापकाची स्वाक्षरी घ्यावी लागते, विषय घ्यावयाचा वा सोडावयाचा तर मुदतीत कळवावे लागते. उशीर झाल्यास दंड, आणि मुदत टळल्यास सत्रच हातचे जाते.

वरकरणी हा केवळ कागदपत्रांचा फरक वाटतो. पण टर्मच्या पद्धतीत जबाबदारीचा भार प्राचार्यांवर असे : त्यांनी प्रमाणित करावयाचे, विद्यार्थ्याने हजर राहावयाचे. श्रेयांक पद्धतीत कोणते विषय घेतले, किती श्रेयांक झाले, अट पूर्ण झाली की नाही, याचा हिशेब विद्यार्थ्यानेच ठेवावा अशी अपेक्षा असते. नियम ठाऊक नव्हता हे कारण येथे चालत नाही. तेविशीतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही शिस्त सवयीने जमते. ज्याने दहा-बारा वर्षे मत्स्यबीज केंद्र सांभाळले आहे आणि ज्याची फाईल दुसऱ्याच राज्यातील सचिवालयात फिरते आहे, त्या पदविकाधारक अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी. नोंदणीचा दिवस विद्यापीठ ठरवते आणि कार्यमुक्तीचा आदेश खाते काढते. या दोन तारखांचा मेळ घालण्याची जबाबदारी मात्र या दोहोंपैकी कोणाचीच नसते. असा मेळ न बसल्यास होणारे नुकसान विद्यार्थ्याच्या खाती जमा होते.

पदविका आणि कायदा :

अभिमत विद्यापीठ झाल्याने पदविकेचा दर्जा आपोआप उंचावला असे मानणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर नाही. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 3 खाली हा दर्जा मिळतो आणि कलम 22 खाली पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांपुरता राखून ठेवलेला आहे. या कलमाचे संरक्षण ‘पदवी’ या शब्दाला आहे, ‘पदविका’ या शब्दाला नाही. पदविका कोणतीही संस्था देऊ शकते. तिचे मोल देणाऱ्याच्या नावावर आणि घेणाऱ्याच्या खात्यावर अवलंबून. अभियांत्रिकीतील पदविकेला 1987 च्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद अधिनियमाची आणि महाराष्ट्रात 1997 च्या अधिनियमाने आलेल्या तंत्रशिक्षण मंडळाची चौकट मिळाली. विलेपार्ले येथील तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपली पदविका कशाशी समकक्ष आहे हे विचारावे लागत नाही. परंतु परिषदेच्या अधिनियमातील ‘तंत्रशिक्षण’ या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुकला, व्यवस्थापन, औषधनिर्माण, उपयोजित कला यांची नावे आहेत. कृषी व मत्स्य यांची नाहीत. विलेपार्ले आणि वेसावे यांत काही किलोमीटरचेच अंतर आहे, पण कायद्याच्या नकाशावर ही दोन गावे फार दूर आहेत.

नोंदणीच्या नियमांत विद्यार्थ्याच्या जबाबदाऱ्यांची यादी गेल्या काही वर्षांत वाढतच गेली आहे. 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी विद्यार्थी व पालक या दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेणे आवश्यक केले, आणि ते योग्यच होते. उलट दिशेने, म्हणजे संस्थेवर बंधन घालणारे नियम मात्र उशिरा आले. प्रवेशावेळी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊन विद्यार्थ्यास अडकवून ठेवण्याची जी प्रथा सर्वत्र रूढ होती, तिला विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट मनाई केली ती 2018 साली.

या असमतोलाचे टोकाचे उदाहरण 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओरिसा लिफ्ट इरिगेशन प्रकरणात दिलेल्या निर्णयात दिसते. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेविना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. त्यांतील अनेक विद्यार्थी पदविकाधारक नोकरदार होते. पदोन्नतीसाठी पदवी हवी म्हणून त्यांनी नोंदणी केली होती. न्यायालयाने 2001 ते 2005 या सत्रांत नोंदणी झालेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी दिली. त्यानंतर नोंदणी झालेल्यांच्या पदव्या रद्दच ठरवल्या. न्यायालयाचे तर्कशास्त्र कठोर असले तरी समजण्यासारखे आहे. तरीही एवढे नमूद केले पाहिजे की, या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून अपेक्षित असलेली प्रत्येक जबाबदारी पाळली होती : अर्ज, शुल्क, परीक्षा, सारे. संस्थेला परवानगी आहे की नाही हे तपासणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी असल्याचे त्यांच्या माहितीपुस्तिकेत कोणी लिहिले असण्याची शक्यता नाही. वेसाव्याच्या संस्थेचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. परंतु याच निर्णयाच्या अनुषंगाने देशभरातील अभिमत संस्थांना आपल्या नावापुढील ‘विद्यापीठ’ हा शब्द सोडण्यास सांगण्यात आले.

नोंदवहीबाहेरचे गाव :

आणखी एका नोंदणीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. वेसाव्याच्या संस्थेची नोंदवही अखिल भारतीय आहे आणि तशी ती असणे स्वाभाविक आहे. मात्र संस्थेच्या कुंपणापलीकडे राहणारा कोळी तरुण त्या नोंदवहीत यावयाचा तर त्याला विज्ञान शाखेच्या पदवीच्या मार्गानेच यावे लागे. डोल जाळे केव्हा व कोठे लावावे, भरती-ओहोटीचे गणित कसे मांडावे, हे ज्ञान कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नाही. 1989 साली, म्हणजे ज्या वर्षी वेसाव्याला अभिमत दर्जा मिळाला त्याच वर्षी, नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि औपचारिक शालेय शिक्षण नसलेल्यांसाठीही पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे दरवाजा उघडला गेला. 2021 च्या विनियमांनी आलेली श्रेयांक पेढी आणि 2022 पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना नोंदणी करण्याची मुभा, या दोन्ही गोष्टींमुळे पदविका व पदवी यांमधील भिंत कागदावर तरी पातळ झाली आहे. पेढीत जमा होतात ते मात्र नोंदणीकृत संस्थेत मिळवलेले श्रेयांक.

कोळी माणसाचे नाव शासनाच्या नोंदवहीत येतच नाही असे नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 नुसार त्याच्या नौकेची नोंदणी होते, तिला परवाना लागतो आणि त्याबरोबर जबाबदाऱ्यांची यादीही येते : कोणत्या क्षेत्रात, कोणत्या जाळ्याने, कोणत्या महिन्यांत. 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांना बोटांच्या ठशांसह ओळखपत्रे देण्यात आली. त्या ओळखपत्रावर त्याचे नाव आणि छायाचित्र आहे. तो समुद्रात जाण्यास पात्र आहे असे ते सांगते. त्याच्या ज्ञानाची नोंद करणारे, पदविकेच्या पहिल्या सत्रासाठी ग्राह्य धरता येईल असे, दुसरे कोणतेही पत्र त्याच्यापाशी नाही.