विश्वासाचा सुटा भाग मिळत नाही
फेब्रुवारी १९६७. न्यू जर्सीतल्या स्मिथ यांची कोरी शेवरोले शोरूमपासून मैलभरही न जाता सिग्नलला बंद पडली. घरी पोचली ती लो गिअरमध्ये रांगत. त्यांनी चेक थांबवला. डीलरने शोरूममधल्या दुसऱ्या गाडीचं ट्रान्समिशन बसवलं आणि पैशांसाठी दावा लावला. १९६८ मध्ये कोर्टाने स्मिथ यांची बाजू घेतली: नव्या गाडीबरोबर माणूस निर्धास्तपणा विकत घेतो, तो गेला की पार्ट बदलून परत येत नाही.

माझ्या नव्या गाडीचा दुसरा गिअर पडेना, तेव्हा ‘वॉरंटीत बदलून देतो की!’ एवढंच ऐकलं, आणि हा खटला नीट कळला. आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दुरुस्तीपलीकडे वस्तू बदलून किंवा पैसे परत मागायची वाट दिली. पण दोष सिद्ध करावा लागतो. जॉबकार्डची प्रत दरवेळी मागून घ्या.