सरोवर समुद्राएवढे, होडी तळ्याएवढी : मिशिगन, १९६७

२३ सप्टेंबर १९६७, शनिवार. अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर प्लॅट नावाचा एक लहानसा उपसागर आहे. त्या दिवशी तेथे पहाटेपासून शेकडो होड्या पाण्यात उतरल्या. लहान होड्यांसाठी धोक्याची सूचना आधीच दिली गेली होती. ती बहुतेकांनी मनावर घेतली नाही. नंतर वारा उठला, लाटा चढल्या आणि दिवस संपेपर्यंत सात जण बुडून मरण पावले. हे पोटासाठी दर्यावर जाणारे कोळी नव्हते. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला आलेली हौशी माणसे होती.

या घटनेची आठवण निघते ती ‘वादळ’ म्हणून. हा धागा मात्र त्यांच्या होड्यांविषयी आहे. मासेमारीसाठी होडी निवडताना माणूस नेमके काय पाहतो, हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटतो. मिशिगनच्या किनाऱ्यावर त्याला दीडशे वर्षांचा इतिहास चिकटलेला आहे.

आधी आकार ध्यानात घ्यावा. मिशिगन सरोवर सुमारे ४९० किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १९० किलोमीटर रुंद आहे. खोली २८१ मीटरपर्यंत जाते. क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट. ‘सरोवर’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येणारे रंकाळ्याचे चित्र येथे उपयोगाचे नाही. गंमत अशी की १९६७ साली प्लॅट उपसागरात आलेल्या बहुतेकांच्या मनातही आपापल्या गावाजवळचे तळेच होते, आणि होडी त्या तळ्याचीच होती.

पण ही माणसे तेथे आली कशासाठी? याचे उत्तर एका कालव्यापाशी सुरू होते. नायगाराचा धबधबा हा वरच्या सरोवरांचा नैसर्गिक दरवाजा होता. खालून काहीही वर चढू शकत नसे. १८२९ साली जहाजांसाठी वेलंड कालवा उघडला आणि त्या दरवाजाला बगल मिळाली. समुद्री लॅम्प्रे हा बामसारखा दिसणारा, जबड्याऐवजी दातेरी चूषक असलेला परजीवी जीव १९२१ साली ईरी सरोवरात आणि १९३६ साली मिशिगन सरोवरात आढळला. तेथील मासेमारीचा आधार होता लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा. लॅम्प्रेच्या तावडीत आणि अतिमासेमारीच्या तडाख्यात सापडून तो १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला. शिकारी गेल्यावर भक्ष्य माजले. एलवाइफ हा हेरिंगच्या कुळातला लहान मासा १९४९ साली येथे प्रथम दिसला आणि दोन दशकांच्या आत सरोवरातील माशांच्या एकूण वजनाचा बहुतांश वाटा त्याचाच झाला. १९६७ च्या उन्हाळ्यात एलवाइफ इतक्या प्रचंड संख्येने मेले की शिकागोसह अनेक ठिकाणचे किनारे कुजक्या माशांनी भरून गेले.

लॅम्प्रेवर १९५८ पासून एका निवडक विषाचा वापर सुरू झाला होता. रिकाम्या सिंहासनावर कोणाला बसवायचे, हा प्रश्न उरला. १९६४ साली मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाची सूत्रे हॉवर्ड टॅनर यांच्याकडे आली. त्यांनी पॅसिफिक महासागरातील कोहो सॅमन आणायचे ठरवले. ओरेगॉन राज्यात सुधारित खाद्यामुळे कोहोची पैदास वाढली होती आणि अंडी शिल्लक पडत होती. ती मिशिगनला मिळाली. १९६६ च्या वसंतात सुमारे साडेआठ लाख पिल्ले सोडण्यात आली. पहिला मान प्लॅट नदीचा. एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी : हा निसर्गाचा जीर्णोद्धार नव्हता. टॅनर आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांना व्यापारी जाळ्यांऐवजी हौशी गळकऱ्यांसाठी सरोवर उभे करायचे होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाही.

डाव अपेक्षेपलीकडे यशस्वी झाला. एलवाइफवर पोसलेले कोहो १९६७ च्या सप्टेंबरमध्ये अंडी घालण्यासाठी नदीकडे परतू लागले. ज्या माणसांनी आयुष्यभर वीतभर लांबीचे पर्च पकडले होते, त्यांच्या गळाला पाच-सहा किलोचे चंदेरी मासे लागू लागले. वर्तमानपत्रांनी या लाटेला ‘कोहो ताप’ म्हटले. किनाऱ्याजवळची वसतिगृहे भरली, रस्त्यांवर होड्या ओढणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागल्या. समुद्राचा मासा सरकारने आणून दिला. समुद्राची होडी मात्र ज्याची त्याने आणायची होती.

आता ट्रोलिंगविषयी. जाळे ओढणारे ट्रॉलिंग वेगळे. ट्रोलिंग म्हणजे सावकाश चालणाऱ्या होडीमागे दोरीला आमिष बांधून ते ओढत नेणे. मासा कोठे आहे हे ठाऊक नसते, म्हणून आमिषच हिंडवायचे. (समाजमाध्यमांवरच्या ‘ट्रोल’चे मूळ अनेकदा याच क्रियेत शोधले जाते, आमिष टाकून मागे वळून पाहायचे, ही वृत्ती तीच.) सॅमनसाठी होडीचा वेग ताशी साधारण तीन ते पाच किलोमीटर ठेवावा लागतो. म्हणजे ट्रोलिंगच्या होडीकडून परस्परविरोधी दोन कामांची अपेक्षा असते : तासन्‌तास माणसाच्या चालीने रेंगाळणे, आणि आभाळ फिरले की झपाट्याने घर गाठणे.

या किनाऱ्यांवर पूर्वी अशा होड्या नव्हत्या असे नाही. एकोणिसाव्या शतकात येथील मच्छीमार ‘मॅकिनॉ’ होड्या वापरत. त्या शिडाच्या, रुंद पोटाच्या आणि उंच काठाच्या असत. अनेकींची मागची बाजूही पुढच्यासारखीच निमुळती असे, त्यामुळे मागून आलेली लाट आदळण्याऐवजी दुभंगून जाई. पुढे वाफेच्या आणि डिझेलच्या बंदिस्त बोटी आल्या. ट्राउट संपला, तशा या बोटी आणि त्यांवरची माणसेही कमी होत गेली. सरोवराचे ज्ञान असलेली पिढी ओसरत असतानाच कोहो आला.

हौशी माणसाची होडी वेगळ्याच वंशातली होती. सरोवराच्याच काठी, मिलवॉकी शहरात, ओल एव्हिनरूड यांनी १९०९ पासून मागे टांगायचे आउटबोर्ड इंजिन विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचे अ‍ॅल्युमिनियम रिकामे झाले; ग्रुमन या विमानकंपनीने १९४५ पासून त्याच पत्र्याच्या कॅनू काढल्या आणि अनेक कारखाने पत्र्याच्या होड्यांकडे वळले. बारा ते सोळा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची होडी ही सामान्य कामगाराच्या आवाक्यातली वस्तू झाली. ती सडत नव्हती आणि रंग मागत नव्हती. लहान असली तर दोन माणसे ती उचलून गाडीच्या टपावर ठेवत. मिशिगन राज्यात हजारो लहान तळी आहेत. त्या तळ्यांसाठी याहून शहाणी निवड सापडणे कठीण. दोष होडीत नव्हता.

मोठ्या पाण्यात तीच होडी कोठे तोकडी पडते, हे पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट मागची फळी. त्या काळच्या छोट्या इंजिनांचा दांडा आखूड असे. पंखा पाण्यात नीट बुडावा म्हणून मागची फळी जेमतेम ३८ सेंटीमीटर उंच ठेवत. इंजिन, पेट्रोलची टाकी आणि इंजिन चालवणारा माणूस, तिन्ही वजने त्याच टोकाला. होडीचा सर्वांत ठेंगणा भाग तोच आणि सर्वांत जड भागही तोच. लाट मागून आली की ती तेथूनच आत शिरते. दुसरी गोष्ट तळ. उथळ, जवळजवळ सपाट तळ शांत पाण्यात स्थिर राहतो, थोड्या शक्तीत पळतो. लाटेवर मात्र तो लाटेच्याच उतारानुसार कलतो आणि आपटतो. तिसरी गोष्ट खुद्द लाट. महासागरातील दूरवरून येणारी लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. मोठ्या सरोवरातील वाऱ्याच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. दोन लाटांत काही सेकंदांचेच अंतर. चौदा फुटांची होडी एका लाटेतून सावरण्याआधीच दुसरी येते. एकदा टोपलीभर पाणी आत आले की ते उताराकडे धावते, काठ आणखी खाली जातो, आणि पुढचे पाणी आपोआप येते.

प्लॅट उपसागर पश्चिमेकडे उघडा आहे. पश्चिमेचा वारा शंभरएक किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून येऊन थेट या किनाऱ्यावर धडकतो. मासे नदीच्या मुखाशी, किनाऱ्यालगत गोळा झाले होते. जमीन जवळ असल्याने सुरक्षित वाटत होते, आणि खरा सापळा तोच होता. फ्रँकफर्टचे बंदर दक्षिणेला होते, पण दहा-वीस अश्वशक्तीच्या इंजिनाने लाटा आडव्या घेत तेथवर जाणे म्हणजे होडी उलटवून घेणे. उरला तो समोरचा वाळूचा किनारा. तेथे उथळ पाण्यात लाटा फुटत होत्या आणि परतणाऱ्या प्रत्येक होडीची ठेंगणी मागची फळी त्या लाटांकडेच होती. अनेक होड्या किनाऱ्यावर फेकल्या गेल्या, अनेक माणसे ओढून वाचवली गेली. सात वाचली नाहीत.

मृतांना बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. धोक्याची सूचना होती, हे खरेच. पण तळ्यावर वाढलेल्या माणसाला त्या सूचनेचा अर्थ अनुभवाने शिकवलेला नव्हता. त्याच्या तळ्यावर वारा सुटला की पाच मिनिटांत काठ गाठता येई. राज्याने मासा आणण्याचे जेवढे तपशीलवार नियोजन केले, तेवढे माणसांच्या या लोंढ्याचे केले नाही, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

यानंतर होडीची निवड बदलू लागली. आवश्यक ज्ञान आधीपासून उपलब्ध होते, ही यातली बोचरी बाजू. रे हंट यांनी आखलेल्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाने १९६० साली मायामी–नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले होते. त्याच हंट यांच्या आराखड्यावरची बॉस्टन व्हेलर ही दोन थरांमध्ये फोम भरलेली होडी १९५८ पासून विकली जात होती. ती करवतीने मधोमध कापली तरी दोन्ही तुकडे तरंगतात, याची छायाचित्रे ‘लाइफ’ मासिकाने १९६१ साली छापली होती. किंमत आणि वजन यांमुळे हे सारे सामान्य गळकऱ्यापासून दूर राहिले होते.

सत्तरच्या दशकात सरोवराच्या धक्क्यांवर अठरा ते बावीस फुटांच्या, उंच काठाच्या होड्या दिसू लागल्या. मागची फळी ५१ सेंटीमीटर किंवा त्याहून उंच, लांब दांड्याचे इंजिन, आणि इंजिनापुढे आत येणारे पाणी अडवून बाहेर सोडणारा खळगा. खोल ‘व्ही’ तळ मात्र जसाच्या तसा स्वीकारता येईना. वेगात लाट कापणारा हा तळ ट्रोलिंगच्या मंद गतीत पाळण्यासारखा डोलतो; शिवाय त्याला मोठे इंजिन आणि अधिक पेट्रोल लागते. म्हणून पुढे धारदार आणि मागे काहीसा चपटा होत जाणारा मधला आकार रुळला. मोठे इंजिनही अडचणच ठरले. त्या काळचे दोन-स्ट्रोक इंजिन तासन्‌तास मंद चालवले की तेलकट धुराने त्याचे प्लग काळवंडत आणि ऐन वेळी ते बंद पडे. उपाय म्हणून शेजारी दुसरे लहान इंजिन बसवले गेले : रेंगाळायला लहान, पळायला मोठे. मोठे बिघडले तर लहान घरी आणी, हा आणखी एक फायदा. उन्हाळ्यात सॅमन थंड पाण्याच्या शोधात खोल जातो. त्याच्यापर्यंत आमिष पोचवण्यासाठी पोलादी तारेला चार-पाच किलोचा गोळा लावलेला डाउनरिगर आला. तो बसवायला आणि हाताळायला होडीचा मागचा भाग रुंद आणि मोकळा हवा. अशा रीतीने प्रत्येक उपकरणाने होडी थोडी थोडी मोठी करवली. ज्यांना हा खर्च झेपत नव्हता, ते परवानाधारक कप्तानाच्या बोटीवर पैसे भरून जाऊ लागले.

कायदाही आला. १० ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेत संघीय नौका-सुरक्षा कायदा मंजूर झाला. तो प्लॅट उपसागरामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. देशभरात दरवर्षी हजाराहून अधिक माणसे हौशी होड्यांवर मरत होती. पण त्यातील तरतुदी वाचताना तो शनिवार आठवल्याशिवाय राहत नाही. लहान होडीवर किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्तीचे इंजिन चालेल, हे सांगणारी पट्टी लावणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. १९७८ पासून वीस फुटांखालील आउटबोर्ड होड्यांसाठी आणखी एक अट आली : पाण्याने भरल्यावरही होडी आडवी न होता सपाट तरंगली पाहिजे. जुन्या होड्यांच्या बाकांखालीही फोम असे, त्यामुळे त्या तळाशी जात नसत. पण उलट्या होत, आणि माणसांना त्यांच्या गुळगुळीत पोटाला लटकून राहावे लागे.

अ‍ॅल्युमिनियम सडत नाही. म्हणून साठच्या दशकातल्या त्या होड्या आजही मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये जुन्या बाजारात स्वस्तात विकल्या जातात. त्यांवर ती पट्टी नसते, मागची फळी आखूड असते, आणि बाकाखालच्या फोमने इतक्या वर्षांत अनेकदा इतके पाणी प्यायलेले असते की तो तरंगण्याऐवजी होडीचे वजनच वाढवतो. जाणकार ग्राहक आधी बाक उघडून तो फोम दाबून पाहतो.