खोली नंबर एक

व्हीपीएन म्हटलं की आज बहुतेकांना एकच गोष्ट आठवते: आपण कुठून बोलतोय ते लपवणं. जाहिरातीही तशाच असतात. पण त्या नावात लपवण्याचा उल्लेखच नाही! 'आभासी खासगी जाळं' एवढाच त्याचा अर्थ, आणि मूळ काम म्हणजे लांबलांबची जाळी जोडणं. एक संगणक पुण्याच्या घरी, दुसरा न्यू जर्सीच्या घरी, आणि दोघांनी एकाच टेबलावर शेजारी ठेवल्यासारखं वागायचं.

आता कुणी विचारेल, इंटरनेट असताना ही दोन घरं पुन्हा जोडायची काय गरज? सगळं जोडलेलंच आहे की! तर नाही. जोडलेलं होतं, मग तुटलं. ते कसं, हे कळायला १९९४ सालात जावं लागतं.

इंटरनेटवरचा पत्ता ३२ बिटांचा ठरला, म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. कल्पना अशी की प्रत्येक यंत्राला जगात एकमेव पत्ता असेल आणि कुणीही कुणालाही थेट पाकीट पाठवू शकेल. लहान-मोठा हा भेद नाही. नव्वदीच्या सुरुवातीला लक्षात आलं की हे पत्ते पुरणार नाहीत. मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ हा दस्तऐवज निघाला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची टिपणं.) त्यात सांगितलं की काही पत्ते कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, ज्याने त्याने आपल्या कुंपणाच्या आत खुशाल वापरावेत. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. यातला १० हा आकडा मूळचा अर्पानेटचा, म्हणजे इंटरनेटच्या आजोबांचा. ते जाळं १९९० मध्ये बंद झालं आणि आकडा मोकळा झाला.

दोनच महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, इगेव्हांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅट मांडलं. पाकीट बाहेर जाताना आतला पत्ता पुसायचा, बाहेरचा लिहायचा, उत्तर आलं की उलट करायचं. पुढे याबरोबर पोर्ट क्रमांकही बदलायची सोय आली आणि एका सार्वजनिक पत्त्यामागे अख्खं घर बसू लागलं. आपला राउटर आजही हेच करतो.

ही सगळी भानगड चाळीच्या हिशोबात बघा. खोली नंबर १ प्रत्येक चाळीत असते. चाळीच्या आत तेवढं पुरतं, पण बाहेरून नुसतं "खोली नंबर १" लिहून पत्र टाकलं तर पोस्टमनने जायचं कुठे? त्यात फाटकावर नॅट नावाचा वॉचमन. आतले बाहेर गेले तर त्यांची नोंद ठेवतो, त्यांच्या नावाने उत्तर आलं तर आत सोडतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं की हा विचारणार, "कुणाकडे?" आणि वहीत नोंद नसल्याने परत पाठवणार.

म्हणजे घरचा संगणक हाक मारू शकतो, पण त्याला कुणी हाक मारू शकत नाही. माझ्या मते इंटरनेटच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल, आणि तो कुणी मुद्दाम केला नाही. नॅटच्या मूळ दस्तऐवजातच त्याला तात्पुरता उपाय म्हटलं होतं. जुलै १९९४ मध्ये आरएफसी १६२७ लिहून चौघांनी खरमरीत विरोधही केला. मुद्दा साधा: पत्ता एकमेव राहिला नाही, तर उद्या ही जाळी एकमेकांना जोडायची वेळ आल्यावर गोंधळ होईल. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ आला, आधीचे दोन्ही दस्तऐवज त्यात विरले, आणि खासगी पत्ते कायमचे झाले.

पुढे घराघरांत राउटर आले. लिंक्सिसचा पत्ता १९२.१६८.१.१, डीलिंकचा १९२.१६८.०.१. आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं आणि हे आकडे पाठ असलेली एक पिढीच तयार झाली :) जिकडेतिकडे खोली नंबर १.

या भिंतीत भोक पाडायचं कसं? कल्पना जुनी आहे: पाकिटात पाकीट. आतल्या पाकिटावर खासगी पत्ता, त्याला कुलूप, आणि बाहेरच्या पाकिटावर पोहोचणारा सार्वजनिक पत्ता. यालाच बोगदा म्हणायचं. १९९६ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी पीपीटीपी आणलं. पण १९९८ मध्येच ब्रूस श्नायर आणि मज यांनी मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीचं कुलूप किती तकलादू आहे ते दाखवून दिलं. दुसरं आयपीसेक, पहिला मसुदा १९९५ चा. कुलूप भक्कम, पण रचना इतकी किचकट की घरी कुणी लावायच्या फंदात पडू नये. शिवाय त्याचा एक प्रकार पाकिटावरच्या पत्त्यावरही सही करतो. वॉचमनने पत्ता बदलला की सही जुळत नाही, पाकीट केराच्या टोपलीत! त्यावरचा तोडगा अधिकृतपणे ठरायला २००५ उजाडलं. जॉन गिलमोरने १९९६ मध्ये फ्री-स्वॅन हा प्रकल्प काढून आयपीसेक लिनक्सवर आणलं. अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे त्यात अमेरिकन नागरिकांचा कोड घेत नसत. २००४ मध्ये तो गुंडाळला.

घरच्या माणसाला खरा हात दिला तो ओपनव्हीपीएनने. जेम्स योनानने २००१ मध्ये ते आणलं. मध्य आशियात फिरताना कुठल्याकुठल्या सेवादात्यांमार्फत ऑफिसला जोडून घ्यावं लागे, त्या काळजीतून ते सुचलं. सगळी वाहतूक एकाच साध्या पोर्टवरून, त्यामुळे वॉचमन कुरकुर करत नाही. दोन्हीकडे एकच किल्लीची फाइल आणि चार ओळींची मांडणी की झालं. मात्र एका बाजूच्या राउटरवर दार उघडून ठेवावंच लागे.

तेही टाळलं २००४ मध्ये हमाचीने. युक्ती मजेशीर आहे. मधला एक ओळखीचा सर्व्हर दोन्ही घरांना एकमेकांचा बाहेरचा पत्ता सांगतो, आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे पाकीट टाकतात. दोन्ही वॉचमनना वाटतं, आपलाच माणूस आधी बाहेर गेलाय, हे त्याचं उत्तर असणार. दोन्ही फाटकं उघडतात! पोरं रात्र-रात्र गेम खेळू लागली. एकच अडचण: सगळीकडे खोली नंबर १, मग वेगळा नंबर आणायचा कुठून? हमाचीने तेव्हा कुणालाच न दिलेले ५ ने सुरू होणारे पत्ते वापरले. २०१० च्या अखेरीस ते युरोपातल्या खऱ्या लोकांना वाटायला घेतले. मग २०१२ मध्ये हमाची २५ वर गेली, आणि ते पत्ते ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाचे! १६२७ वाले चौघं म्हणत होते ते हेच.

अलीकडची मजल वायरगार्डची. जेसन डोनेनफेल्डने लिहिलेला सुटसुटीत कोड, जेमतेम चार हजार ओळींचा. २०१८ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने जाहीर कौतुक केलं, आणि मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. इथे यंत्राची ओळख पत्त्यावर नाही, किल्लीवर ठरते. पत्ता बदलला तरी चालतं. टेलस्केलसारख्या सेवा यावरच उभ्या आहेत, आणि त्या वापरतात १००.६४ पासूनचे पत्ते. हे पत्ते २०१२ मध्ये सेवादात्यांच्या नॅटसाठी राखून ठेवले, म्हणजे चाळीच्या वॉचमनवर अख्ख्या पेठेचा वॉचमन. आपल्याकडे हे सर्रास चालतं, त्यामुळे घरच्या राउटरवर दार उघडूनही उपयोग होत नाही.

असो. गंमत अशी की मोठे पत्ते असलेली आयपीव्ही६ ची आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्येच लिहून झाली होती. तात्पुरता उपाय तीस वर्षं टिकला आणि खरा उपाय अजून हळूहळू येतोय. दरम्यान आपण काय केलं? आईने काढलेला फोटो एका घरातून दुसऱ्या घरी पोहोचवायचा तर तो आधी तिसऱ्याच कुणाच्या तरी गोदामात ठेवायची सवय लावून घेतली. घर-ते-घर बोगदा टाकला की निदान तेवढा तरी हक्क परत मिळतो. पूर्ण नाही, कारण ओळख करून देणारा मधला माणूस बहुतेक वेळा लागतोच. तो कुणाचा आहे, आणि किल्ल्या कुणाकडे आहेत, एवढं मात्र विचारून घ्यावं.

आणि बोगदा टाकायच्या आधी एक काम करा. आरएफसी १९१८ मध्ये १९९६ सालीच सांगून ठेवलंय की खासगी पत्ता निवडताना चिठ्ठी टाकून निवडावा, म्हणजे पुढे जोडणी करताना टक्कर व्हायची शक्यता कमी. तेव्हा दोन्ही घरी १९२.१६८.१ ठेवू नका. १०.८३.४७ घ्या, १०.२११.९ घ्या, काहीही घ्या. फक्त दोन्ही घरी खोली नंबर १ नको.