बार्शी ग्रामीण कर्करोग नोंदणी : एक ऐतिहासिक आढावा

भारतातील कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी प्रथम शहरांत रुजली. मुंबईची नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० च्या दशकारंभी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हाही त्याची मदार प्रामुख्याने शहरांवरच होती. बहुसंख्य जनता खेड्यांत राहत असताना तिच्या मृत्यूचे कारण मात्र कोणत्याच दप्तरात नव्हते. ही उणीव दूर करणारी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. तिच्या उभारणीत डॉ. बी. एम. नेने व डॉ. कस्तुरी जयंत यांचा वाटा मोठा आहे.

बार्शी, परांडा व भूम हे तीन तालुके नोंदणीच्या कक्षेत आले. यांपैकी बार्शी पूर्वी मुंबई इलाख्यात, तर परांडा व भूम निजामाच्या राज्यात होते. म्हणजे दोन भिन्न प्रशासकीय परंपरांचा हा प्रदेश होय.

शहरातील पद्धत येथे उपयोगी नव्हती. मुंबईत इस्पितळे व विकृतिशास्त्रीय प्रयोगशाळांच्या नोंदींतून रुग्ण सापडतात. खेड्यातील रुग्ण मुळात इस्पितळापर्यंत पोहोचतच नव्हता. म्हणून क्षेत्रकार्यकर्ते गावोगाव फिरले, ग्रामस्थांशी बोलले, लक्षणांची माहिती देत राहिले व संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात घेऊन आले. मोजणी करणाऱ्यांनाच लोकशिक्षण करावे लागले. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. रोग लवकर कळल्यास जगण्याची शक्यता वाढते, हे ध्यानात घेता ही बाब केवळ सांख्यिकीय नव्हे.

येथील कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या तुलनेत पुष्कळ कमी आढळले. मात्र स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. खेड्यात कर्करोग नाही, हा समज त्यामुळे निराधार ठरला.

या अनुभवाच्या पायावर १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया ५२ ग्रामसमूहांतून चार गटांत विभागल्या होत्या. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४, तर तुलना गटातील ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४ मृत्यू झाले. पेशीतपासणी व ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी या दोन गटांत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

एका तपासणीने मृत्युदर जवळपास निम्म्यावर येतो, हे जगाला या दुष्काळी पट्ट्यातील स्त्रियांमुळे समजले. तथापि तुलना गटाला तपासणी न देता केवळ माहिती व नेहमीची आरोग्यसेवा का दिली, यावर पुढे तीव्र नैतिक वाद झाला. चाचणीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, त्या काळी या भागात नियमित तपासणी अस्तित्वातच नव्हती. हे वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु त्या अभावाची जबाबदारी त्या ६४ स्त्रियांची नव्हती.