शंकरपल्लीचा फलाट

हैदराबादहून वाडीकडे निघालेली गाडी लिंगमपल्ली मागे टाकते, तेव्हा शहराचा गजबजाट ओसरू लागतो आणि थोड्याच वेळात शंकरपल्लीची पाटी येते. हैदराबादपासून हे स्थानक सुमारे ४० किलोमीटर. सोलापूरकडून, किंवा परळी-उदगीर-बीदर या वाटेने विकाराबादवरून हैदराबादला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने ती पाटी अनेकदा पाहिली असेल. परंतु मुक्काम जवळ आल्यामुळे तो सामान आवरण्यात गुंतलेला असतो. तथापि राज्याची सत्ता कोठे सुरू होते आणि कोठे संपते, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा निवाडा याच लहानशा स्थानकामुळे झाला.

हा लोहमार्ग वाडी ते सिकंदराबाद असा १८७४ साली खुला झाला. त्यापूर्वीच, १८७१ साली, मुंबईहून रायचूरकडे जाणारी वाट पूर्ण झाली होती आणि वाडी हे त्या वाटेवरील ठाणे होते. तेथून राजधानीपर्यंत फाटा नेण्याचे कार्य दिवाण सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत झाले. पैसा निजाम सरकारचा. पण सिकंदराबादच्या छावणीकडे फौजा विनाखोळंबा जाव्यात म्हणून साडेपाच फुटी रुंद मार्गच हवा, हा आग्रह इंग्रज सरकारचा. रूळ एकाचे आणि रुळांचे माप दुसऱ्याचे, असा हा प्रकार होता! पुढे १८८३ साली यासाठी निराळी कंपनी निघाली. तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी संस्थानाने घेतली, म्हणून तिच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द बसला.

अशा वाटेवरील खेड्यातले स्थानक म्हणजे एक आटोपशीर संसारच असे. एक स्टेशनमास्तर, दोन-चार पॉइंट्समन व हमाल, तिकिटाची खिडकी, तारेचे यंत्र आणि मालाची वखार. पुठ्ठ्याच्या जाड तिकिटावर यंत्राने तारीख उठवून ते प्रवाशाच्या हाती दिले जाई. शेजारच्या स्थानकाने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून गाडी पुढे सोडता येत नसे. आसपासच्या गावांना बाहेरच्या जगाची वार्ता याच तारेने कळे आणि शेतमालाची पोती याच वखारीतून बाजारपेठेला जात. संस्थानात हाली सिक्का चाले, इंग्रजी मुलखात कलदार रुपया. तेव्हा दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला नाण्यांचाही हिशेब सांभाळावा लागे.

पण कुंपणाच्या आत कायदा कोणाचा? लोहमार्गाच्या हद्दीतील दिवाणी व फौजदारी अधिकार निजाम सरकारने इंग्रज सरकारकडे सोपविले होते. इतर स्वतंत्र संस्थानांतून जाणाऱ्या लोहमार्गांवर जसे अधिकार दिलेले आहेत तसेच हे असावेत, अशी त्यामागची भूमिका होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने, पुष्कळच ऐसपैस लावला. निजामाचे प्रजाजन असलेले महंमद युसुफउद्दीन यांना शंकरपल्लीच्या स्थानकावर पकडण्यात आले, ते शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटने काढलेल्या वॉरंटावर! कोठे शिमला आणि कोठे शंकरपल्ली! आरोपाचा लोहमार्गाशी काडीचाही संबंध नव्हता. स्थानकाच्या हद्दीत पाय ठेवला, एवढ्यानेच तो मनुष्य इंग्रजी मुलखात आला, असा या अटकेचा अर्थ होत होता.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८९७ साली लॉर्ड हॅल्सबरी यांनी निर्णय दिला. लोहमार्गाची जमीन ही निजामाच्याच राज्याचा भाग आहे. दिलेला अधिकार लोहमार्गाच्या कारभारापुरता आहे. देणाऱ्याने जेवढे दिले त्याहून अधिक, घेणाऱ्याला नुसत्या जाहीरनाम्याने मिळविता येत नाही. प्रवाह उगमाहून उंच चढू शकत नाही, असा दृष्टान्तही त्यांनी दिला. अटक बेकायदा ठरली. साम्राज्याच्याच सर्वोच्च न्यायपीठाने साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा हात मागे घ्यावयास लावावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हे. अर्थात यामुळे संस्थान स्वतंत्र झाले असे नाही. रेसिडेंटाचा दबदबा होता तसाच राहिला. परंतु फलाटाच्या दगडाखालची जमीन कोणाची, हे लेखी ठरले.

पुढील फेरबदल भराभर सांगता येतात. १९३० साली संस्थानाने कंपनीकडून सारी रेल्वे विकत घेतली आणि १९३२ साली याच रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. लोहमार्गापासून दूर असलेल्या गावांना वाहनाची सोय होऊ लागली, ती या खात्यामुळे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले आणि हद्दीचा जुना वाद आपोआपच निकालात निघाला. १९५१ साली हा मार्ग मध्य रेल्वेत आणि १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत गेला.

हैदराबादच्या उपनगरी गाड्या लिंगमपल्लीपर्यंत धावू लागल्या, तरी शंकरपल्लीकराला खरा आधार राहिला तो प्रत्येक थांबा घेणाऱ्या पॅसेंजरचाच. मुंबईच्या जलद गाड्या मात्र येथून धडधडत निघून जातात. इकडे कायद्याच्या ग्रंथांत, एका राज्याचा अंमल दुसऱ्याच्या भूमीवर कितपत चालतो याचा विचार निघाला, की युसुफउद्दीन यांच्या खटल्याचा दाखला अजूनही दिला जातो.