‘दुसऱ्या सेटअप’विषयी संपादकीय टीप
१४. दुसरा सेटअप : व्हीएमसीवर जॉबची वरची बाजू कापून झाली की तो उलटून तळाची बाजू करतात, तो हा सेटअप. कॅममध्ये त्यासाठी नुसती दिशा फिरवून भागत नाही. स्टॉक म्हणून पहिल्या सेटअपनंतर उरलेला जॉबच द्यावा लागतो. मूळ ठोकळा दिला, तर आधीच निघालेल्या मटेरियलच्या जागी टूल हवा कापत बसते. खरी मेख झिरोची. आता वर आलेली बाजू कच्ची असते, म्हणून झेड-झिरो तिच्यावर न घेता, कापलेली बाजू जिथे टेकते त्या पॅरलल किंवा सॉफ्ट जॉच्या बैठकीवर घेतात. मगच जाडी मापात येते. जॉब डावी-उजवीकडून पलटला, तर फिक्स जॉला टेकणारी बाजू तीच राहते, स्टॉपरची मात्र बदलते. तेव्हा एक्स-झिरो कापलेल्या कडेवरून नव्याने घ्यावा. दोन वाईस शेजारी असतील, तर पहिल्याचा झिरो जी५४मध्ये, दुसऱ्याचा जी५५मध्ये. लेखकाने वाईसचे मॉडेल सेटअपमध्ये घेणे ‘ऐच्छिक’ म्हटले आहे. उलटलेला जॉब थोडक्याच उंचीत धरलेला असताना टूल जॉला लागण्याची भीती असते, म्हणून आम्हाला ते पटत नाही. नवशिक्याने ते घ्यावेच. – संपा.