फावल्या वेळातले गुलाब

गुलाब म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. नेहरूंच्या शेरवानीवरचा गुलाब आणि १४ फेब्रुवारी. त्या १४ फेब्रुवारीसाठी तळेगावच्या पॉलीहाऊसमधून जे लांब दांड्यांचे गुलाब येतात, त्यांच्या जाती बहुतेक परदेशी. मग आपल्याकडे कोणी नव्या जाती केल्याच नाहीत का? केल्या की! आणि त्यातल्या कितीतरी नोकरी सांभाळून, फावल्या वेळात.

यातलं मोठं नाव म्हणजे डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६-१९८९). माणूस खरा गव्हाचा. केंब्रिजहून पीएच.डी. केली, तांबेऱ्याला दाद न देणारा 'एनपी ८०९' हा गहू दिला आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. एवढा व्याप सांभाळून हा गृहस्थ हौस म्हणून गुलाबांचे संकर करायचा. 'रोझ शरबत', 'दिल्ली प्रिन्सेस', 'बंजारन', 'डॉ. होमी भाभा' हे सगळे त्यांचेच.

संकराची रीत तशी सोपी. कळी उमलायच्या आत तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे, फळ पिकेपर्यंत काही महिने थांबायचं आणि बी पेरायचं. पण एकाच फळातल्या दोन बियांतून सारखी झाडं येत नाहीत. शेकडो रोपांतून एखादंच ठेवण्याजोगं निघतं. म्हणजे खरा कस चिकाटीचा.

हा खटाटोप कशाला? तर हवेसाठी. आपण कुंडीत लावतो ते 'हायब्रिड टी' गुलाब युरोपात घडले. १८६७ चा 'ला फ्रान्स' हा त्यातला पहिला मानतात. थंडीत झोपायची सवय असलेली ही झाडं आपल्या उन्हाळ्यात कावतात. आयएएसमधून मुदतीआधी बाहेर पडून कोडाईकॅनालला राहिलेले वीरू वीरराघवन आणि त्यांच्या पत्नी गिरिजा यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी निवडला 'रोझा जायगँटिया', १८८२ मध्ये जॉर्ज वॉट यांना मणिपूरच्या डोंगरात सापडलेला सदाहरित रानगुलाब. गंमत बघा, युरोपच्या 'टी' गुलाबांच्या पूर्वजांत हाच आहे! म्हणजे मूळ इथल्याच डोंगरांतलं आणि सुधारणा मात्र तिकडच्या थंडीसाठी. वीरराघवनांनी ते पुन्हा इकडच्या हवेकडे वळवलं. 'गोल्डन थ्रेशोल्ड' त्यातूनच आला, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांच्या नावाचा पिवळसर गुलाबही.

आता खरी काळजीची गोष्ट. गुलाबाची जात बियांतून टिकत नाही. खुंटावर डोळा भरून किंवा फांदी लावूनच तिची नक्कल होते. आमच्या भाषेत, बॅकअप घेतला तरच डेटा राहणार. नर्सरीवाल्याने डोळे भरायचे थांबवले आणि शेवटची दोन-चार झाडं मेली, की जात संपली. पुस्तकात नाव उरेल, पण नावाला वास नसतो.

आणि नर्सरीवाला लावणार तेच, जे खपतं. तेव्हा पुढच्या वेळी नर्सरीत 'लाल द्या, पिवळा द्या' म्हणू नका. 'रोझ शरबत' आहे का, असं विचारा. बहुधा नाही म्हणतील. तरी विचारा. चार जणांनी विचारलं, तर पाचव्याला मिळेलही.